किरणोत्सारी माल तिसऱ्या देशातून पार नेताना: पारगमन परवानगी कशी मिळवावी

किरणोत्सारी माल एका देशातून निघतो आणि दुसऱ्या देशात पोहोचायचा असतो. वाटेत एखादा तिसरा देश लागतो आणि बरेचदा घोडं तिथेच अडतं. पाठवणाऱ्याला माल विकायचा असतो, घेणाऱ्याला तो हवा असतो. मधल्या देशाला या व्यवहारातून काहीच मिळत नाही, त्याच्या वाट्याला फक्त जोखीम येते. म्हणून तिथल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमचा अर्ज जातो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हे आमच्याकडे अडकलं तर निस्तरणार कोण? ज्या अर्जात याचं उत्तर पहिल्या पानावर सापडतं, तो पुढे सरकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती रचलेल्या आहेत.

रुग्णालयांना समस्थानिकं पुरवणारे, वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी कोबाल्ट मागवणारे, वेल्डिंगच्या तपासणीचे स्रोत ने-आण करणारे आणि या सर्वांची कागदपत्रं सांभाळणारे फ्रेट फॉरवर्डर यांच्यासाठी हा लेख आहे. कागदांचा कंटाळा येणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. मोलिब्डेनम-९९चं अर्धायुष्य (सक्रियता, म्हणजे किरणोत्साराचा जोर, निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे ६६ तास आहे आणि त्यापासून मिळणाऱ्या टेक्निशियम-९९एमवर अणुवैद्यक विभागांतल्या असंख्य तपासण्या अवलंबून असतात. ही खेप विमानतळावर एक दिवस पडून राहिली की तिची सुमारे २२ टक्के सक्रियता गेलेली असते, आणि तीन दिवसांत निम्म्याहून जास्त जाते. ती भरून काढता येत नाही. एका चुकलेल्या सहीमुळे कुठल्यातरी रुग्णाची तपासणी पुढे ढकलली जाते.

पहिली पायरी: माल नेमका काय आहे हे ठरवा

परवानगीची चौकशी इथून सुरू होते. नियामकाला फोन करण्याची घाई करू नका, कारण तो पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

जगभरातल्या नियमांचा पाया म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची वाहतूक नियमावली. ती प्रथम १९६१ साली आली आणि २०१८ची आवृत्ती एसएसआर-६ (सुधारणा १) या नावाने ओळखली जाते. ही नियमावली स्वतः कायदा नाही. देश ती आपल्या कायद्यात उतरवतात, आणि जहाजांसाठी आयएमडीजी कोड, विमानांसाठी आयसीएओच्या तांत्रिक सूचना, युरोप आणि आसपासच्या रस्त्यांसाठी एडीआर अशा वाहतूक-प्रकारांच्या नियमांतही ती उतरलेली असते. सगळीकडे भाषा एकच असल्यामुळे ती एकदा आली की कुठल्याही देशाशी बोलता येतं.

या भाषेतले कळीचे शब्द म्हणजे ए१ आणि ए२. प्रत्येक समस्थानिकासाठी सक्रियतेचे हे दोन आकडे ठरलेले आहेत. ए१ हा 'विशेष रूपातल्या' मालासाठी, म्हणजे न फुटणाऱ्या, न विखुरणाऱ्या, चाचण्या पार केलेल्या कॅप्सूलसाठी. ए२ बाकी सगळ्यासाठी. कोबाल्ट-६०चे दोन्ही आकडे ०.४ टेराबेकेरेल (सक्रियता मोजण्याचं एकक) आहेत. इरिडियम-१९२चा ए१ १ टेराबेकेरेल आणि ए२ ०.६. अमेरिशियम-२४१मध्ये फरक डोळ्यांत भरतो: ए१ १० टेराबेकेरेल, ए२ फक्त ०.००१. म्हणजे कॅप्सूलचं 'विशेष रूप' प्रमाणपत्र हाताशी नसेल तर तोच स्रोत दहा हजार पट कडक मर्यादेत जातो. हे प्रमाणपत्र चालू आहे का, मुदत संपली आहे का, ते सर्वांत आधी पाहा.

माल या मर्यादेच्या आत असेल तर टाइप ए पॅकेज पुरतं, आणि विखंडनक्षम पदार्थ (प्लुटोनियमसारखा, ज्यात अणुविखंडनाची साखळी सुरू होऊ शकते) नसेल तर त्या पॅकेजच्या आराखड्याला नियामकाची मंजुरी लागत नाही. मर्यादा ओलांडली की टाइप बी. हे पॅकेज ९ मीटरवरून न लवणाऱ्या पृष्ठभागावर पडणं, १ मीटरवरून पोलादी दांड्यावर आदळणं आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटं राहणं सोसूनही माल व ढाल सांभाळतं. वाटेतल्या देशाच्या अधिकाऱ्याला धीर येतो तो या ओळीने. ती अर्जात लिहा, साध्या शब्दांत.

या निदानातून यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, निघतो. टाइप ए साठी २९१५, विशेष रूपातला माल असेल तर ३३३२, टाइप बी(यू) साठी २९१६, टाइप बी(एम) साठी २९१७ (टाइप बीचे हे दोन उपप्रकार, मंजुरीतला फरक दुसऱ्या पायरीत), 'विशेष व्यवस्थे'खाली, म्हणजे सगळ्या नेहमीच्या अटी पाळता येत नाहीत म्हणून खास मंजुरीने, जाणाऱ्या खेपेसाठी २९१९. विखंडनक्षम मालाचे क्रमांक वेगळे आहेत. हा क्रमांक सगळ्या कागदांवर एकच असला पाहिजे. एका कागदावर २९१६ आणि दुसऱ्यावर २९१७ असेल तर ती नुसती टंकनचूक राहत नाही, परवानगीची गरजच बदलते. कशी, ते पुढे.

दुसरी पायरी: मंजुरी लागते, की नुसती सूचना?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. काहीजण सगळ्या खेपांसाठी परवानगी मागत सुटतात, काहीजण गरज असलेली परवानगीही विसरतात.

नियमावलीत मंजुरीचे दोन प्रकार आहेत. एकतर्फी मंजुरी म्हणजे ज्या देशात पॅकेजचा आराखडा तयार झाला, तिथल्या सक्षम प्राधिकरणाची (त्या देशाने या कामासाठी नेमलेल्या संस्थेची) तेवढी पुरे. बहुपक्षीय मंजुरी म्हणजे मूळ देशासह माल ज्या ज्या देशातून किंवा देशात जाईल, त्या प्रत्येकाची. विखंडनक्षम माल नसलेल्या टाइप बी(यू) आराखड्याला सर्वसाधारणपणे एकतर्फी मंजुरी चालते. टाइप बी(एम) आराखडा, विखंडनक्षम मालाचं पॅकेज आणि विशेष व्यवस्था यांना बहुपक्षीय मंजुरीच हवी.

आराखड्याच्या मंजुरीखेरीज काही वेळा प्रत्यक्ष खेपेचीही बहुपक्षीय मंजुरी लागते. त्यात मुख्यतः टाइप बी(एम) पॅकेजमधली सक्रियता ३००० ए१ किंवा ३००० ए२ (जे लागू असेल ते) किंवा १००० टेराबेकेरेल यांतल्या लहान आकड्याहून जास्त असणं आणि एका वाहनातल्या वा कंटेनरमधल्या विखंडनक्षम मालाच्या क्रांतिकता-सुरक्षा निर्देशांकाची (अणुविखंडनाची साखळी सुरू होऊ नये म्हणून प्रत्येक पॅकेजला दिलेल्या आकड्याची) बेरीज ५० च्या वर जाणं, हे प्रसंग येतात. बेरजेच्या नियमाला समुद्री जहाजांपुरती एक सवलत आहे. ती वापरायची असेल तर जहाज कंपनीशी बोलून मगच गृहीत धरा.

एक उदाहरण घेऊ. निर्जंतुकीकरण प्रकल्पासाठी ७४०० टेराबेकेरेल कोबाल्ट-६०, विशेष रूपातला, जहाजाने निघाला आहे. एका देशाच्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढणार आणि पुढे आणखी एका देशातून रस्त्याने जाणार. ३००० ए१ म्हणजे १२०० टेराबेकेरेल, त्याहून १००० लहान, म्हणून लागू होणारी सीमा १०००. पॅकेज बी(यू) असेल तर मधल्या दोन्ही देशांना नियमावलीनुसार प्रमाणपत्राची प्रत आणि या खेपेची पूर्वसूचना पुरते. तेच पॅकेज बी(एम) असेल तर दोन्ही देशांची आराखड्याला मंजुरी हवी आणि शिवाय या खेपेलाही. कंसातलं एक अक्षर बदललं आणि काम काही आठवड्यांचं काही महिन्यांवर गेलं. म्हणून माझा ठाम सल्ला आहे: पर्याय असेल तिथे भाडं थोडं जास्त पडलं तरी बी(यू) पॅकेज निवडा.

मात्र आंतरराष्ट्रीय नियमावली ही किमान पातळी आहे. अनेक देशांचे स्वतःचे कायदे त्याहून पुढे जातात आणि टाइप बी(यू) खेपेलाही पारगमन परवाना मागतात. त्यामुळे 'नियमावलीत लागत नाही' असं म्हणून थांबू नका. त्या देशाच्या नियामकाला दोन ओळींचं पत्र लिहून लेखी उत्तर मिळवा. 'परवानगीची गरज नाही' हे लेखी उत्तरसुद्धा सीमेवर परवानगीइतकंच मोलाचं ठरतं.

तिसरी पायरी: 'मधला देश' कोणता

नियमावलीतली 'मधून किंवा आत' ही संज्ञा काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. विमान एखाद्या देशावरून नुसतं उडून जात असेल आणि तिथे ठरलेला थांबा नसेल, तर तो देश या अर्थाने मधला देश नाही. पण इंधनासाठी ठरलेला थांबा असेल तर तो मधला देश झाला, माल विमानातून उतरला नाही तरी. विमान कंपनीकडून नुसता उड्डाण क्रमांक घेऊ नका, तांत्रिक थांबे विचारा.

विमानाच्या बाबतीत आणखी दोन कुंपणं आहेत. टाइप बी(एम) पॅकेज प्रवासी विमानातून जात नाही. आणि टाइप बी पॅकेजमधून हवाई मार्गाने नेता येणाऱ्या सक्रियतेला वरची सीमा आहे. विशेष रूपातल्या कोबाल्ट-६०साठी ती १२०० टेराबेकेरेल येते, म्हणजे वरच्या उदाहरणातली खेप विमानाने जाऊच शकत नाही.

जहाजाचं गणित वेगळं. जहाज बंदरात शिरलं की तो देश आला, जरी तुमचा कंटेनर जहाजावरच राहणार असला तरी. अशा 'जहाजावरच राहणाऱ्या' मालाबद्दल बंदरांचे स्वतंत्र नियम असतात. काही बंदरं तो घेतच नाहीत, काही ठराविक धक्क्यावर आणि ठराविक तासांसाठीच परवानगी देतात. लाइनर जहाजं वेळापत्रकानुसार बंदरं घेतात, पण गर्दीमुळे क्रम बदलतो. म्हणून जहाज कंपनीकडून फक्त तुमच्या दोन बंदरांची नव्हे तर त्या फेरीतल्या सगळ्या बंदरांची यादी मागा आणि पर्यायी बंदरंही अर्जात घाला.

चौथी पायरी: किती दारं ठोठवायची

परवानगी एका कार्यालयाची नसते. साधारणपणे किरणोत्सार सुरक्षेचा नियामक, मालाच्या संरक्षणाची जबाबदारी असलेली गृह वा पोलीस यंत्रणा, कस्टम्स, आणि बंदर, विमानतळ, रस्ते किंवा रेल्वे यांचं प्राधिकरण असे चार गट असतात. काही देशांत पहिले दोन एकाच छताखाली असतात. नियामकाने होकार दिला आणि बंदराने नकार दिला, तर माल पाण्यावरच राहतो. नियामकाची मंजुरी इतरांवर बंधनकारक असते असं समजू नका.

अर्ज कोणी करायचा हेही देशागणिक बदलतं. कुठे माल पाठवणारा, कुठे वाहतूकदार, कुठे त्या देशात नोंदणीकृत प्रतिनिधीच लागतो. माझ्या मते कायद्याने सक्ती नसली तरी स्थानिक प्रतिनिधी नेमावाच. रात्री दोन वाजता सीमेवरच्या अधिकाऱ्याला त्याच्याच भाषेत उत्तर देणारा, किरणोत्साराची जाण असलेला आणि प्रत्यक्ष तिथे पोहोचू शकणारा माणूस.

पाचवी पायरी: अर्ज

खेपेच्या मंजुरीसाठी नियमावलीला तीन गोष्टी हव्या असतात: कोणत्या कालावधीत, कोणता माल कोणत्या वाहनाने आणि कोणत्या संभाव्य मार्गाने, आणि प्रमाणपत्रात सांगितलेल्या खबरदाऱ्या व नियंत्रणं प्रत्यक्षात कशी पाळली जातील. तिसऱ्या मुद्द्यावर बहुतेक अर्ज एका वाक्यात उरकतात आणि तिथेच प्रश्नपत्र परत येतं. प्रमाणपत्रातली प्रत्येक अट एकेक करून घ्या आणि तिच्यासमोर लिहा की हे कोण करेल, कुठे करेल, नोंद कुठे राहील.

कालावधी मागताना एक तारीख मागू नका. जहाज उशिरा येतं, विमान रद्द होतं. काही आठवड्यांची खिडकी मागा आणि नेमकी तारीख पूर्वसूचनेत कळवण्याचं वचन द्या. एकाच मार्गाने वारंवार जाणाऱ्या मालासाठी अनेक खेपांची एकत्रित मंजुरी मिळू शकते का ते विचारा. युरोपीय संघात किरणोत्सारी कचरा आणि वापरलेल्या इंधनाच्या २००६च्या निर्देशानुसार एकाच अधिकारपत्रात ३ वर्षांपर्यंतच्या खेपा बसवता येतात, पारगमन देशांची संमती धरून. इतरत्रही अशी सोय शोधावी.

सोबत जोडायचे कागद: पॅकेजचं प्रमाणपत्र, विशेष रूपाचं प्रमाणपत्र, मूळ देशाचा निर्यात परवाना किंवा त्याच्या अर्जाची पोच, अंतिम देशाची संमती, किरणोत्सार-संरक्षण कार्यक्रम, आणीबाणीचा आराखडा, विमा, आणि वाहतूकदारांचे परवाने. प्रमाणपत्राच्या ओळखखुणेत सुरुवातीला देशाची वाहननोंदणीची आंतरराष्ट्रीय अक्षरं, मग क्रमांक, मग प्रकार असतो. खेपेच्या मंजुरीला टी आणि विशेष व्यवस्थेला एक्स हे अक्षर असतं. मधला देश बरेचदा स्वतःचं नवं प्रमाणपत्र न काढता मूळ प्रमाणपत्रालाच मान्यता देतो. त्यासाठी प्रमाणपत्राची अधिकृत भाषांतरित प्रत लागू शकते, आणि जाणकार भाषांतरकार मिळायला वेळ लागतो, हे वेळापत्रकात धरा.

अंतिम देशाची संमती पहिली घ्या, बाकीचे अर्ज मागाहून पण एकाच वेळी करा. पुढे स्वीकारणारा कोणी आहे हे दिसल्याशिवाय मधला देश दार उघडत नाही, आणि ते रास्त आहे. शक्तिशाली स्रोतांसाठी ही संमती तशीही लागते. आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार स्रोतांचे वर्ग आहेत, कोबाल्ट-६०चे ३० टेराबेकेरेल वा त्याहून जास्त असतील तर वर्ग १, म्हणजे सर्वांत धोकादायक. या वर्गासाठी आयात करणाऱ्या देशाची आगाऊ संमती अपेक्षित आहे. ३.७ टेराबेकेरेलचा रेडिओग्राफीचा इरिडियम स्रोत वर्ग २ मध्ये येतो.

आणीबाणीच्या आराखड्यावर मनापासून मेहनत घ्या. त्यात 'स्थानिक यंत्रणांना कळवले जाईल' हे वाक्य कुचकामी आहे. कोणत्या टप्प्यावर कोणता दूरध्वनी, चोवीस तास कोण उचलतो, मापन-उपकरणं कुठे आहेत, तज्ज्ञ किती तासांत पोहोचेल, उचलायची क्रेन कोणाची, अडकलेला माल तात्पुरता ठेवण्याची जागा कोणाशी ठरली आहे, आणि खर्च कोण देणार. शेवटी एक स्वतंत्र हमीपत्र जोडा: खेप पुढे जाऊ शकली नाही तर आम्ही ती स्वखर्चाने परत नेऊ, आणि परत घेण्यास मूळ देशाच्या नियामकाची हरकत नाही. सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच पत्र असतं. ते तळाशी ठेवू नका, अर्जाच्या पत्राला लगेच जोडा.

संरक्षणाचा आराखडा मात्र वेगळा ठेवा. नेमका मार्ग, वेळ, थांबे आणि सोबतचा बंदोबस्त ही माहिती ज्यांना कामासाठी लागते त्यांनाच, त्या देशाने सांगितलेल्या सुरक्षित पद्धतीने द्या. ती साध्या ईमेलच्या साखळीत दहा जणांना पाठवलेली दिसली तर नियामकाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि योग्यच कारणाने.

अणुइंधन, प्लुटोनियम किंवा समृद्ध युरेनियम असेल तर वर आणखी थर चढतात. अणुपदार्थांच्या भौतिक संरक्षणाच्या कराराखाली, ज्याची २००५ची दुरुस्ती २०१६ साली लागू झाली, संरक्षणाची हमी आधी मिळवून वाटेतल्या देशांना आगाऊ कळवावं लागतं. हा व्यवहार सरकारांमध्ये होतो. पॅरिस (१९६०) आणि व्हिएन्ना (१९६३) दायित्व करारांच्या व्यवस्थेत अणुकेंद्र चालवणाऱ्याने वाहतूकदाराला आर्थिक हमीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. मधला देश ते पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. वैद्यकीय वा औद्योगिक वापरासाठी पूर्ण तयार झालेली समस्थानिकं या करारांच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे तिथे साधा पण किरणोत्सार वगळलेला नसलेला तृतीय-पक्ष विमा लागतो. विम्याच्या कागदातलं अपवादांचं पान वाचा. किरणोत्सार तिथे बऱ्याचदा वगळलेला असतो.

सहावी पायरी: पूर्वसूचना

मंजुरी लागणाऱ्या पॅकेजची पहिली खेप निघण्याआधी प्रमाणपत्रांच्या प्रती मूळ देशाला आणि वाटेतल्या प्रत्येक देशाला मिळाल्या पाहिजेत. त्यानंतर, टाइप बी(एम)च्या आणि विशेष व्यवस्थेच्या प्रत्येक खेपेसाठी, आणि दुसऱ्या पायरीत सांगितलेल्या सीमेहून (३००० ए१ किंवा ए२, वा १००० टेराबेकेरेल, यांतला लहान आकडा) जास्त सक्रियतेच्या टाइप बी(यू) व टाइप सी (हवाई वाहतुकीसाठीचं अधिक मजबूत पॅकेज) खेपांसाठी, दर वेळी सूचना द्यावी लागते. ती खेप निघण्याआधी हातात पडलेली असावी, शक्यतो ७ दिवस आधी. पॅकेजची ओळख, निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख, मार्ग, समस्थानिकाचं नाव, भौतिक-रासायनिक रूप, कमाल सक्रियता बेकेरेलमध्ये, आणि विखंडनक्षम माल असेल तर त्याचं वजन, एवढं त्यात हवं. सक्रियता क्युरीमध्ये लिहायची जुनी सवय सोडा.

प्रमाणपत्रांच्या प्रतींची पोच येईपर्यंत थांबण्याची सक्ती नियमावलीत नाही. तरी थांबा. पोच नसलेली सूचना सीमेवरच्या माणसाला दाखवता येत नाही.

सातवी पायरी: सीमेवर

सीमेवरचे किरणोत्सार-मापक दरवाजे तुमच्या मालाने वाजणारच. गाडी पोहोचण्याआधी त्या नाक्याला खेपेची खबर आणि अपेक्षित मापनं मिळालेली असावीत. पॅकेजच्या पृष्ठभागावर सामान्यतः ताशी २ मिलिसिव्हर्ट, आणि १ मीटरवरच्या मापनाला १०० ने गुणून येणारा ट्रान्सपोर्ट इंडेक्स १० पर्यंत, ही मर्यादा आहे. त्यापलीकडे जाणारा माल स्वतंत्र, फक्त त्याच खेपेच्या वाहनातूनच जातो. निघतानाचं मापन, लेबलवरचा निर्देशांक आणि घोषणापत्र हे तिन्ही जुळतात का ते चालक निघण्यापूर्वी ताडून घ्या.

कस्टम्सने पॅकेज उघडायचं म्हटलं तर घाबरून संमती देऊ नका आणि भांडूही नका. आतला माल तपासायचा असेल तर ते किरणोत्सारापासून संरक्षणाची सोय असलेल्या जागीच, जाणकारांच्या उपस्थितीत व्हावं, आणि उघडलेलं पॅकेज पुढे जाण्याआधी मूळ स्थितीत आणलं जावं, असं नियमावलीच सांगते. हा परिच्छेद तिथल्या भाषेत छापून चालकाच्या फाइलमध्ये ठेवा.

मार्ग, वाहतूकदार, वाहन किंवा तारीख बदलली तर जुनी परवानगी तशीच चालेल असं धरू नका. तिच्यात किती लवचीकता आहे ते शब्द वाचून ठरवा आणि शंका असेल तर निघण्याआधी विचारा. खेप पुढेही जात नाही आणि घेणाराही सापडत नाही अशी वेळ आली, तर ती सुरक्षित जागी ठेवून तिथल्या सक्षम प्राधिकरणाला लगेच कळवणं आणि पुढच्या सूचना मागणं बंधनकारक आहे. हे लपवण्याइतकं मोठं नुकसान दुसरं नाही, पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते.

परतीचा प्रवास

रिकामं पॅकेज परत आणायचं असतं हे अर्ज करताना अनेकांच्या ध्यानातच नसतं. ते बरेचदा यूएन २९०८ खाली वगळलेलं पॅकेज (बऱ्याच नियमांतून सूट असलेलं) म्हणून सोपेपणाने येऊ शकतं. अट अशी की ते चांगल्या स्थितीत आणि नीट बंद असावं, ढालीतलं युरेनियम उघडं नसावं, आतलं न चिकटलेलं दूषण बाहेरच्या मर्यादेच्या १०० पटीच्या आत असावं, आणि जुनी लेबलं दिसू नयेत.

जुना, थकलेला स्रोत परत उत्पादकाकडे पाठवायचा असेल तर मात्र शब्द जपून वापरा. मधला देश त्याला 'कचरा' समजला तर पूर्ण वेगळी, कितीतरी लांब प्रक्रिया सुरू होते. युरोपीय संघाच्या कचरा-वाहतुकीच्या निर्देशातून उत्पादकाकडे वा पुरवठादाराकडे परत जाणारे वापर संपलेले स्रोत वगळलेले आहेत, पण कागदावर तसं स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणून नवा स्रोत मागवतानाच उत्पादकाकडून जुना परत घेण्याचा लेखी करार घ्या, त्याच्या देशाच्या नियामकाची परत आत घेण्यास संमती जोडा, आणि मधल्या देशांकडे जाताना आणि येताना अशा दोन्ही खेपांचा अर्ज एकाच फाइलमध्ये द्या.